‘रॉबर्ट’ हे नाव: अर्थ काय, मूळ कुठलं आणि दाखल्यावर लिहायचं कसं?

तापीकाठ, भुसावळ

मंडळी, मुलाचं नाव ‘रॉबर्ट’ ठेवायचं घरात घाटतंय. पणजोबांचं नाव, म्हणून थोरल्यांचा आग्रह. धाकट्यांचं म्हणणं, असलं रेल्वे क्वार्टरमधलं जुनाट नाव आता कोण ठेवतं? ठेवायचं की नाही ते आमचं आम्ही बघू, पण नेटवर मिळणारी माहिती एकमेकींशी जुळत नाही. एका साइटवर अर्थ ‘तेजस्वी कीर्ती’, दुसरीवर ‘प्रसिद्धीने उजळलेला’, तिसरीवर थेट ‘जर्मन योद्धा’. कुणी इंग्रजी नाव म्हणतं, कुणी फ्रेंच, कुणी जर्मन.

जाणकारांनी एवढं सांगावं. नावाचा नेमका अर्थ काय आणि तो कशावरून ठरवतात? ते आलं कुठून? रॉबिन, रूपर्ट, बॉब ही त्याचीच रूपं का? बायबलात हे नाव सापडत नाही, मग बाप्तिस्म्याला अडचण येते का? आणि मराठी दाखल्यावर ‘रॉबर्ट’, ‘रोबर्ट’ की ‘राबर्ट’? पणजोबांच्या एका जुन्या कागदावर ‘राबर्ट’ आहे.

धातुपाठ, जळगाव

अर्थापासून सुरुवात करतो, सगळा घोळ तिथेच आहे.

नाव दोन तुकड्यांचं आहे. पहिला ‘ह्रोथ’, म्हणजे कीर्ती, नावलौकिक. दुसरा ‘बेर्ह्त’, म्हणजे उजळ, लखलखीत. आजच्या इंग्रजीतला ‘ब्राइट’ तो हाच. योद्धा यात कुठेच नाही. तो साइटवाल्याने पदरचा घातलाय. जर्मानिक नाव दिसलं की लढवय्या म्हणून मोकळं व्हायचं, ही तिथली रीतच आहे.

कशावरून ठरवतात, तर आधी जुन्यात जुनं लिहिलेलं रूप गाठायचं. आजच्या रूपावर सुरी चालवली तर ‘रॉब’ आणि ‘अर्ट’ असे भलतेच तुकडे हातात येतात. मग लूट, कला असले अर्थ निघायला लागतात. फ्रँक लोकांच्या लॅटिन कागदपत्रांत हेच नाव ‘ख्रोदोबेर्तुस’ असं येतं, जुन्या जर्मनमध्ये ‘ह्रुओदपेर्ह्त’. ही रूपं समोर ठेवली की सांधा कुठे आहे ते दिसतं: पहिला तुकडा ‘द’ किंवा ‘थ’वर संपतो आणि दुसरा ‘ब’ने सुरू होतो. पुढे आरंभीच्या ‘ह्र’मधला ‘ह’ गळाला, मधला ‘द’ ‘ब’ला चिकटून विरला, आणि उरलं ‘रोबर्ट’.

त्यानंतर तोच तुकडा दुसऱ्या नावांत सापडतो का ते तपासायचं. एकाच नावात भेटणाऱ्या तुकड्याचा अर्थ छातीठोकपणे सांगता येत नाही. इथे ती अडचण नाही. ‘ह्रोथ’ रुडॉल्फमध्ये आहे (कीर्ती आणि लांडगा), रॉजरमध्ये आहे (कीर्ती आणि भाला), रोलंडमध्ये आहे (कीर्ती आणि भूमी), रॉडरिकमध्ये आहे (कीर्ती आणि सत्ता). ‘बेर्ह्त’ तर पोत्याने सापडतो: आल्बर्टमध्ये कुलीनतेशी जोडून, हर्बर्टमध्ये सेनेशी, ह्यूबर्टमध्ये मनाशी, लॅम्बर्टमध्ये भूमीशी, नॉर्बर्टमध्ये उत्तर दिशेशी. गिल्बर्टमधला पहिला तुकडा तारण म्हणून ठेवलेल्या ओलिसाचा आहे. बर्ट्राममध्ये ‘बेर्ह्त’ पुढे आलाय आणि मागे डोमकावळा.

आता खरी मेख. हे दोन तुकडे जोडून समास सोडवायचा नसतो. ‘तेजस्वी कीर्ती’ की ‘कीर्तीने तेजस्वी’ हा वादच फुकट आहे. जुन्या जर्मानिक समाजात नावाच्या तुकड्यांचा एक ठरलेला साठा असे. त्यातून दोन उचलायचे आणि जोडायचे. अर्थ लागलाच पाहिजे अशी सक्ती नसे. गुनहिल्ड या मुलीच्या नावात पहिला तुकडाही युद्ध आणि दुसराही युद्धच. तुकडे निवडताना घराण्याकडे बघत. वूस्टरचा बिशप वुल्फस्टन, मृत्यू १०९५, याच्या बापाचं नाव एथेलस्टन आणि आईचं वुल्फगिफू. आईचा ‘वुल्फ’, बापाचा ‘स्टन’, झालं मुलाचं नाव. जुन्या इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याचा राजा एथेलवुल्फ याची मुलं एथेलबाल्ड, एथेलबेर्ट, एथेलरेड. सगळ्यांत धाकटा तेवढा आल्फ्रेड. आपल्याकडे प्रभाकरवर्धनाची मुलं राज्यवर्धन आणि हर्षवर्धन होती. फक्त त्यांनी मागचा तुकडा धरून ठेवला, एथेलवुल्फाने पुढचा.

तेव्हा कुणी विचारलं तर सरळ सांगा: कीर्ती आणि उजळ, या दोन शब्दांचं जुनं जोडनाव.

खवचट_केळीवाला, रावेर

रॉबर्ट म्हणजे ‘रवि-व्रत’, मूळ संस्कृत, असा मेसेज व्हॉट्सॲपवर अजून कसा आला नाही याचं नवल वाटतंय. कुणीतरी टाकाच.

तापीकाठ, भुसावळ

@खवचट_केळीवाला, हसू नका. खरंच विचारायचं होतं: ‘कीर्ती’ आणि ‘ह्रोथ’, ‘ब्राइट’ आणि आपला काही शब्द, असं नातं खरोखर आहे का? की ऐकायला जुळतं म्हणून लोक जोडतात?

धातुपाठ, जळगाव

नातं आहे, आणि गंमत अशी की ऐकायला अजिबात जुळत नाही. म्हणूनच ते भरवशाचं आहे. ‘रवि-व्रत’ ऐकायला छान जुळतं आणि पूर्ण खोटं आहे.

संस्कृत आणि जर्मानिक भाषा एका मूळ भाषेच्या दोन फांद्या. फुटल्यावर जर्मानिक फांदीत काही व्यंजनं ठरलेल्या रीतीने बदलली. मूळचा ‘क’ तिकडे ‘ह’ झाला, मूळचा ‘भ’ ‘ब’ झाला. हा बदल एका-दोन शब्दांपुरता नाही, सरसकट आहे. ‘भ्राता’ला ‘ब्रदर’, ‘भूर्ज’ला ‘बर्च’; भूर्जपत्राचं झाड आणि बर्च एकच.

आता ‘कीर्ति’ घ्या. मागची मूळ धातू मोठ्याने वाखाणणे, गाजवणे अशा अर्थाची. वेदातला ‘कारु’, म्हणजे स्तुती गाणारा कवी, त्याच धातूचा. जर्मानिकात ‘क’चा ‘ह’ झाला की ‘कर’चं ‘ह्र’ होतं, त्यातून ‘ह्रोथ’. आजच्या जर्मनमध्ये कीर्तीला ‘रूम’ म्हणतात, तोही याच घरातला. ‘ह’ गळण्याबद्दल शंका असेल तर ‘क्रव्य’ बघा, कच्चं मांस; क्रव्याद म्हणजे ते खाणारा. त्याचा जुना इंग्रजी भाऊ ‘ह्रेआव’ आणि आजचा ‘रॉ’, म्हणजे कच्चा. ‘क्र’, ‘ह्र’, ‘र’ हीच वाट ‘रॉबर्ट’च्या आरंभाने चालली.

दुसरा तुकडा ‘भ्राज्’ म्हणजे चमकणे, याच्या घरातला. ‘भ’चा ‘ब’ झाला, शेवटच्या व्यंजनाला ‘त’ लागून ‘ह्त’ झालं: बेर्ह्त. इंग्रजी ‘ब्राइट’च्या स्पेलिंगमधले मुके जी-एच हे त्याच ‘ह’चे अवशेष आहेत. उच्चार गेला, अक्षरं राहिली.

पण यावरून ‘रॉबर्ट हे मूळचं संस्कृत नाव’ असं कुणी म्हणालं तर गप्प बसवा. नाव जर्मानिक भाषेतच जुळलं. तुकडे तेवढे आपल्या शब्दांचे चुलत आहेत.

थाळनेरचा_बुरूज, शिरपूर

‘जर्मन की इंग्रजी की फ्रेंच’ या प्रश्नाचं उत्तर प्रवासात आहे.

आधी एक भेद: जर्मानिक म्हणजे जर्मनीचं असं नव्हे. इंग्रजी, डच, स्वीडिश, आइसलँडिक, जर्मन या सगळ्या जर्मानिक भाषा. हे नाव घडलं तेव्हा जर्मनी नावाचा देशच नव्हता.

नाव मोठं केलं फ्रँकांनी. हे जर्मानिक बोलणारे लोक आजच्या फ्रान्सवर राज्य करायला लागले, पुढे लॅटिनपासून निघालेली भाषा बोलू लागले, नावं मात्र जुनीच ठेवली. म्हणून फ्रेंच राजांच्या यादीत जर्मानिक नावांचीच गर्दी दिसते. ‘बलवान’ म्हणून ओळखला जाणारा रॉबर्ट ८६६ मध्ये व्हायकिंगांशी लढताना पडला. त्याच्या वंशातून पुढे फ्रान्सचं कापेत राजघराणं निघालं. त्याचा मुलगा रॉबर्ट ९२२ मध्ये राजा झाला आणि वर्षभरात लढाईतच मेला.

याच धाकट्या रॉबर्टशी नॉर्मंडीचं सूत जुळतं. व्हायकिंग सरदार रोलो याला ९११ च्या तहात सीन नदीच्या मुखाकडचा मुलूख मिळाला, तोच पुढे नॉर्मंडी. इतिवृत्तं सांगतात की त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा हा रॉबर्ट त्याचा धर्मपिता होता आणि रोलोने त्याचंच नाव घेतलं. तेव्हापासून नॉर्मन घराण्यात ‘रॉबर्ट’ रुजलं. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा बाप रॉबर्ट (मृत्यू १०३५, यरुशलेमहून परतताना), विल्यमचा थोरला मुलगाही रॉबर्ट.

१०६६ मध्ये विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर नाव तिथे शिरलं ते फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांबरोबर. इंग्रजांकडे आधीपासून याचाच सख्खा भाऊ होता, ‘ह्रेओदबेओर्ह्त’. नव्या मालकांच्या नावापुढे तो टिकला नाही. आज कुणी रॉबर्टला अस्सल अँग्लो-सॅक्सन म्हणालं तर अर्धंच खरं: तुकडे ओळखीचे, पण हे रूप फ्रान्समार्गे आलेलं.

आणि खुद्द जर्मनीत? तिथलं घरचं रूप ‘रुप्रेख्त’ किंवा ‘रूपर्ट’. साल्झबुर्गचा संत रूपर्ट आठव्या शतकाच्या आरंभीचा. त्याच्या नावाची जत्रा तिथे अजून सप्टेंबरात भरते. १४०० ते १४१० जर्मन राजा होता तो रुप्रेख्त. ‘रोबर्ट’ तिकडे नंतर पश्चिमेकडून परतून आलं. इंग्लंडात रूपर्ट हे नाव रुळलं ते राजपुत्र रूपर्टमुळे (१६१९ ते १६८२). हा इंग्लंडचा राजा चार्ल्स पहिला याचा जर्मनीतला भाचा, यादवी युद्धात राजाच्या घोडदळाचा सेनापती. म्हणजे एकच नाव इंग्लंडात दोन दरवाज्यांनी आलं आणि लोक त्यांना दोन नावं समजतात.

स्कॉटलंडचं थोडक्यात: रॉबर्ट ब्रूस १३०६ मध्ये राजा, १३१४ ला बॅनकबर्नची लढाई, मृत्यू १३२९. घराणं मुळात नॉर्मंडीचंच. त्याच्यामुळे नावाला असं वजन आलं की १३९० मध्ये जॉन नावाचा राजपुत्र गादीवर बसला तेव्हा त्याने नाव बदलून रॉबर्ट तिसरा घेतलं. जॉन नावाच्या आधीच्या राजाची पार शोभा झाली होती, ते नाव अपशकुनी मानलं जाई.

‘जुनाट’ म्हणणाऱ्या धाकट्यांचंही चूक नाही. अमेरिकेत १९२४ ते १९३९ सलग मुलग्यांत हे पहिल्या क्रमांकाचं नाव होतं, म्हणजे तिकडेही ते आजोबा-पणजोबांच्या पिढीचंच वाटतं. पण मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांचं जन्मनाव रॉबर्टच आहे. तेव्हा ‘आता कोण ठेवतं’चं उत्तर तयार ठेवा.

अहिराणी_पान, अमळनेर

भाऊ, हाई नाव चांगलं शे. लाडाच्या नावांचं मी सांगतो, कारण पोराला शाळेत पूर्ण नावाने कुणीच हाक मारणार नाही.

रॉबर्टचं आखूड रूप ‘रॉब’. मध्ययुगीन इंग्लंडात नावं थोडी आणि माणसं फार. गावात दर चौथा-पाचवा एकतर विल्यम, नाहीतर रॉबर्ट, रिचर्ड, जॉन. मग एकाला दुसऱ्यापासून वेगळं करायला पहिलं अक्षर बदलून यमकी नावं पाडली: रॉबचं हॉब, डॉब, नॉब, बॉब. रिक्‌चं हिक, डिक. विलचं बिल. ‘रॉबर्टचं बॉब कसं काय’ याचं उत्तर इतकंच. हॉब आणि डॉब जुने, बॉब बराच नंतरचा.

ती मेलेली आखूड नावं आडनावांत जिवंत आहेत. हॉब्सन, हॉब्ज, हॉपकिन्स हे हॉबचे. डॉब्सन, डॉब्ज हे डॉबचे. रॉबसन, रॉबिन्सन, रॉबर्टसन तर उघडच. वेल्समध्ये ‘अमक्याचा मुलगा’ या अर्थी नावाआधी ‘अप’ लावतात. ‘अप रॉबर्ट’ घाईत म्हणत गेले आणि आडनाव झालं ‘प्रोबर्ट’. क्रिकेटवेड्यांनी जुने धावफलक काढून बघावेत, अर्धा संघ रॉबर्टांच्या पोरांचा निघेल.

रॉबिन हे ‘रॉब’ला फ्रेंच ‘इन’ हा लाडाचा प्रत्यय लागून झालेलं. रॉबिन पक्ष्यावरून नाव पडलं असं सर्रास छापतात. ते उलटं आहे. त्या तांबड्या छातीच्या पक्ष्यालाच इंग्रजांनी माणसाचं लाडाचं नाव दिलं, जसं आपण पोपटाला मिठू म्हणतो. तो पक्षी आपल्याकडे नाही बरं का. इथल्या दयाळ आणि चिरक पक्ष्यांना इंग्रजीत रॉबिन म्हणतात ते साहेबाला गावची आठवण आली म्हणून. बंगाल्यांचा ‘रॉबिन’ वेगळा, तो रवीन, रवींद्रवाला.

लंडनच्या पोलिसाला ‘बॉबी’ म्हणतात ते रॉबर्ट पील या गृहमंत्र्यावरून. त्याने १८२९ मध्ये तिथलं पोलीस दल उभारलं. आपल्याकडे पोराला बॉबी म्हणाल तर वर्गात आधी तळलेल्या पिवळ्या नळ्याच आठवतील. ‘रॉबी’ बरं.

दोन खोटी नाती आत्ताच तोडून टाका. इंग्रजी ‘रॉब’ म्हणजे लुटणे, त्याचा याच्याशी संबंध नाही. तो शब्द निराळा. ‘रोबो’ही नाही. तो चेक भाषेतल्या वेठबिगारीच्या शब्दावरून १९२० मध्ये एका नाटकासाठी घडवलेला. पोरं चिडवायला वापरतील ते सोडा.

दाखलेवाला, नंदुरबार

बाप्तिस्मा आणि कागदपत्रं.

बायबलात रॉबर्ट नाही, हे बरोबर. आपल्याकडे नवापूर, नंदुरबार भागात ख्रिस्ती घरांत जी नावं जास्त दिसतात, शमुवेल, दावीद, योहान, दानीएल, ती बायबलातली म्हणजे हिब्रू वळणाची. रॉबर्ट, आल्बर्ट, विल्यम, हेन्री ही सगळी जर्मानिक, युरोपातून आलेली. कॅथलिक असाल तर १९८३ च्या चर्च कायद्याचं कलम ८५५ एवढंच म्हणतं की ख्रिस्ती भावनेला परकं नाव देऊ नये. संताचंच नाव हवं अशी अट नाही. तरी फादरनी विचारलंच तर संत आहेत: रॉबर्ट बेलार्मिन, येशूसंघाचे इटालियन कार्डिनल, १५४२ ते १६२१, संतपद १९३०, सण १७ सप्टेंबर. सिस्टर्शियन मठाची सुरुवात करणारे मोलेमचे रॉबर्टही आहेत. प्रोटेस्टंट मंडळीत हा प्रश्न सहसा निघत नाही. पास्टरांना रजिस्टरात लिहायचं स्पेलिंग तेवढं आधी कागदावर लिहून द्या.

आता जन्मनोंद. मुदत २१ दिवसांची. तोवर नाव ठरलं नाही म्हणून नोंद थांबवू नका. नावाचा रकाना कोरा ठेवून नोंद होते, बारा महिन्यांच्या आत नाव विलंब शुल्काशिवाय घालता येतं, त्यापुढे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तेव्हा त्याच्यावरचं अक्षर न् अक्षर नीट हवं. पुढचे सगळे कागद त्याचीच नक्कल.

लिहायचं ‘रॉबर्ट’. ‘रोबर्ट’ हे बहुतेक वेळा संगणकाने इंग्रजीवरून आपोआप केलेलं रूप असतं. आधार केंद्रावर पडद्यावर इंग्रजी नाव टाइप झालं की खाली मराठी आपोआप उमटतं आणि ऑपरेटर ते तसंच पुढे ढकलतो. पावतीवर सही करण्याआधी मराठी ओळ वाचा, तिथेच दुरुस्त करून घ्या.

‘राबर्ट’ चुकीचं नाही, जुनं आहे. जुन्या मराठी छपाईत ‘ऑ’चं चिन्ह वापरात नव्हतं, म्हणून डाक्टर, लार्ड, कालेज तसं राबर्ट. पणजोबांच्या कागदावर ते आहे म्हणून मुलाच्या दाखल्यावर आणू नका. पणजोबांच्या कागदाशी नातं सिद्ध करायची वेळ आलीच तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र लागेल, एवढं लक्षात असू द्या.

सगळ्यात जास्त चूक होते ती रफारात. रफार ‘ट’वर, ‘ब’वर नव्हे. ‘रॉर्बट’ असं छापलेलं चिकार सापडतं. दुसरी चूक जुन्या फाँटची. पूर्वी कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलला की रफार जागचा हलतो, ‘रॉबटर्’ असं काहीतरी होतं, जसं ‘मार्च’चं ‘माचर्’ होतं. शाळेची जुनी यादी नव्या पोर्टलवर चढवताना हमखास. जनरल रजिस्टरात नाव चढलं की लगेच जाऊन बघा. दहावीच्या फॉर्मवेळी शोधलंत तर हेलपाटे ठरलेले.

तापीकाठ, भुसावळ

फारच कामाचं. पणजोबांच्या नावाची जुनी नोंद शोधायची असेल तर कुठून सुरू करावं? ते ब्रिटिश काळात रेल्वेत होते, भुसावळलाच.

जंक्शन, भुसावळ

आधी स्थानिक चर्चची रजिस्टरं. बाप्तिस्म्याच्या पानावर साधारण हे रकाने असतात: बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख, मुलाचं नाव, आईबापाची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. शेवटचा रकाना तुमच्या कामाचा. तिथे फायरमन, गार्ड, फिटर असं लिहिलेलं असतं आणि त्यावरून एकाच नावाच्या दोन माणसांतला आपला कोण ते ठरतं. भुसावळात जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० च्या दशकात आली, म्हणजे त्याआधीची रेल्वेवाल्यांची नोंद इथे मिळणार नाही.

वाचताना सांभाळायचं ते हे. लेखनिक पूर्ण नाव लिहीत नसत. रॉबर्टसाठी आर-ओ-बी आणि वर चिमुकला टी, एवढंच. घाईच्या अक्षरात तो टी दिसत नाही आणि लोक ‘रॉब’ किंवा ‘रोझ’ वाचतात. विल्यमचं तसंच, डब्ल्यू-एम. त्यात बाप, मुलगा, नातू तिघांचं नाव रॉबर्ट असणंही फार सामान्य, म्हणून आईचं नाव न जुळवता नोंद आपली समजू नका.

स्थानिक रजिस्टर वाळवीने खाल्लं असेल तर त्याची नक्कल शोधा. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती तेव्हा लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात, एन/३ या मालिकेत आहेत. एन/१ बंगालची, एन/२ मद्रासची, तिकडे वेळ घालवू नका. खानदेश मुंबई इलाख्यात होता. भारतातल्या ब्रिटिश कुटुंबांचा शोध घेणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेच्या सूचीत आडनावाने मोफत शोधता येतं. शोधताना नाव पूर्ण टाकू नका. आडनाव आणि सालाचा टप्पा टाका, मग रॉबर्ट, रॉब्ट, आर. असं जे येईल ते हाताने चाळा. एक मर्यादा: या प्रतींत भारतीय ख्रिस्ती कुटुंबांच्या नोंदी सगळ्याच सापडतील असं नाही, भर युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांवर होता.

आणि शोधाच्या निमित्ताने जुन्या दफनभूमीत जाणारच असाल, तर भुसावळचा सगळ्यात नामांकित रॉबर्ट तिथेच आहे. रॉबर्ट गिल, मद्रास फौजेतला अधिकारी, जन्म १८०४. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला त्याला नेमलं. त्याने वर्षानुवर्षं तैलरंगात मोठ्या नकला केल्या. लंडनला पाठवलेल्या बहुतेक नकला १८६६ च्या डिसेंबरात सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. नंतर तो कॅमेरा घेऊन परत त्याच लेण्यांत उतरला. मृत्यू १८७९. अजिंठ्याला जाणारे लोक गिलच्या तिथल्या सोबतिणीची, पारोची, गोष्ट ऐकून येतात आणि गिलची कबर भुसावळात आहे हे इथल्यांनाही ठाऊक नसतं.

थाळनेरचा_बुरूज, शिरपूर

@जंक्शनच्या माहितीत एक जोड. कबरीच्या दगडावरचं वय आणि साल कधीही एकट्याने पुरावा धरू नका. दगड बऱ्याचदा नंतर बसवलेला असतो आणि वय घरच्यांनी आठवून सांगितलेलं. दफनाच्या रजिस्टराशी ताडून बघा. फोटो घ्यायचा तर भर दुपारी नको, सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. खडू किंवा पीठ चोळू नका, दगडाचे पापुद्रे निघतात.

खवचट_केळीवाला, रावेर

म्हणजे पोराचं नाव ठरायच्या आधी पणजोबांचं रजिस्टर सापडणार. @तापीकाठ, तोवर रकाना कोरा ठेवा, @दाखलेवाला म्हणतात तसं. बारा महिने आहेत.